गिऱ्हाइकाशी चालतं, सहकाऱ्याशी नाही

ब्राऊन्सव्हिल हे टेक्सासमधलं मेक्सिकोच्या सीमेला खेटलेलं शहर. 1975 साली तिथल्या इमारती लाकडाच्या दुकानात हेक्टर गार्सिया या विक्रेत्याला सहकाऱ्यानं विचारलं, गिऱ्हाईक मागतंय तो माल आहे का? गार्सियानं ‘नाही’ म्हणून सांगितलं, पण स्पॅनिशमध्ये. ते मालकाच्या कानावर पडलं आणि त्याची नोकरी गेली. गिऱ्हाइकाशी स्पॅनिश बोलायला मात्र दुकानाची काहीच हरकत नव्हती. धंद्याला भाषा हवी, ती बोलणाऱ्यांनी आपसात वापरायची नाही!

अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यानं मूळ देशावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. त्यात भाषेचा उल्लेख नाही. गार्सियानं याच कायद्याखाली दाद मागितली. 1980 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, गार्सियाला दोन्ही भाषा येत होत्या, तेव्हा स्पॅनिश बोलणं ही त्याची निवड होती. हे कागदावर पटतं. पण घाईत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना कोण भाषा निवडत बसतं? ज्या भाषेत प्रश्न येतो, त्याच भाषेत उत्तर निघून जातं.

त्याच वर्षी समान रोजगार संधी आयोगानं नियमावली काढली. कामावर सदासर्वकाळ इंग्रजीच बोलायची सक्ती हा भेदभावच मानला जाईल. ठरावीक वेळेपुरती सक्ती करायची तर कामाची गरज दाखवा आणि लोकांना आधी कळवा. शस्त्रक्रिया चालू असताना सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा हवी, यावर कोण वाद घालेल? जेवणाच्या सुट्टीत ती कशाला? 1993 मध्ये मात्र कॅलिफोर्नियातल्या एका मांसप्रक्रिया कारखान्याच्या खटल्यात अपील न्यायालयानं ही नियमावली मानायला नकार दिला.

तरीही आयोगानं पाठपुरावा सोडला नाही. कॅलिफोर्नियातल्याच डेलानो इथल्या रुग्णालयानं 2012 मध्ये फिलिपिनो कर्मचाऱ्यांशी 9 लाख 75 हजार डॉलरची तडजोड केली. इतर भाषा बोलणाऱ्यांना मोकळीक आणि पाळत फक्त फिलिपिनोंवर, अशी तक्रार होती. रुग्णालयानं आरोप नाकारले.

आपल्याकडे जून 2021 मध्ये दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात परिचारिकांनी मल्याळम बोलू नये, असं परिपत्रक निघालं. गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं गेलं. ते गदारोळामुळे, कोर्टामुळे नव्हे. राज्यघटनेचं कलम 16 (2) जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण त्या यादीत भाषा नाही. शिवाय ते सरकारी नोकऱ्यांपुरतंच आहे. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला त्याचा आधार नाही.