जर्मन वाचता येतं, पण ऐकून कळत नाही?

बोलताना जर्मन शब्द एकमेकांत मिसळतात. 'हाबन वीअर'चं 'हाम्वा' होतं, 'हास्ट डू'चं 'हास्टं'. पुस्तकात हे दिसत नाही, म्हणून पाठ असलेला शब्दही कानाला अनोळखी वाटतो.

यावर माझा सगळ्यात लाडका उपाय: डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ गतीत वाचलेल्या बातम्या. मोफत आहेत, मजकुरासकट! आधी मजकूर न बघता ऐका. मग तो समोर ठेवून निसटलेल्या जागांवर खुणा करा, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका आणि सोबत मोठ्याने म्हणा. त्याच बातम्या नेहमीच्या वेगातही मिळतात, त्या शेवटी लावा.

नवशिक्यांना बातम्या जड जातील. त्यांनी डॉइचे वेलेचीच 'निकोस वेग' ही ए१ ते बी१ पातळ्यांची व्हिडिओ मालिका बघावी. सबटायटल्स मात्र जर्मनच ठेवा, इंग्रजी नकोत!