खरा ताळेबंद मांडण्याचे राजकारण : सुरेश प्रभू यांची कारकीर्द

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसभेत रेल्वे अर्थसंकल्प सादर होत असताना बहुतेक खासदारांचे कान एकाच गोष्टीकडे लागले होते, ती म्हणजे नव्या गाड्यांची यादी. कुणाच्या जिल्ह्याला एक्स्प्रेस मिळाली, कुणाच्या पदरात नुसता थांबा पडला, यावरच रेल्वे अर्थसंकल्पाची बातमी व्हायची. त्या दिवशी यादी आलीच नाही. मार्गांची क्षमता आधी तपासू, गाड्यांचे नंतर ठरवू, असे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी सांगितले आणि सभागृहात नाराजी पसरली.

या पवित्र्यामागे एक जुना हिशेब होता. जुलै २०१४ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी संसदेत काही आकडे ठेवले होते. मागच्या ३० वर्षांत १ लाख ५७ हजार ८८३ कोटी रुपयांचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले ३१७ पुरे झाले आणि उरलेल्या ३५९ प्रकल्पांना आणखी १ लाख ८२ हजार कोटी लागणार होते. मंजुरी टाळ्यांच्या कडकडाटात मिळत गेली, पैशांची तरतूद मात्र मागे राहिली. ज्याचा पिंड सनदी लेखापालाचा आहे, त्याला अशा खात्यात सर्वांत आधी काय दिसेल? दिलेल्या वचनांचा बोजा.

प्रभू यांच्या राजकीय आयुष्यात ही नजर पुन्हा पुन्हा भेटते. कारकीर्दीचे मोल ठरवताना आपण उद्घाटने मोजतो. प्रभू यांचे काम मात्र सरकारी संस्थांना त्यांची खरी येणी-देणी कागदावर उतरवायला लावण्याचे होते. त्यांच्या यशाचे माप तिथे घ्यावे लागते आणि मर्यादांचेही तिथेच.

सहकारी बँकेतून राजापूरला

११ जुलै १९५३ रोजी मुंबईत जन्मलेले प्रभू वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेऊन सीए झाले. सारस्वत सहकारी बँकेचे अध्यक्षपद आणि राज्य वित्त आयोगाचे अध्यक्षपद ही त्यांची राजकारणाआधीची शाळा. पंचायती आणि नगरपालिकांना राज्याच्या महसुलातून किती वाटा मिळावा, याची शिफारस वित्त आयोग करतो. गावच्या पाणीपट्टीपासून राज्याच्या तिजोरीपर्यंत पैसा कसा झिरपतो आणि कुठे अडतो, हे तिथे उमगते.

१९९६ मध्ये शिवसेनेच्या तिकिटावर ते राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. हा मतदारसंघ साधा नव्हता. बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून १९७१ मधील निधनापर्यंत आणि त्यानंतर १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले होते. दंडवते जनता सरकारात रेल्वेमंत्री होते, पुढे अर्थमंत्री झाले. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के वाटा आणि उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून, अशी त्याची मांडणी होती. कोकणच्या माणसाचे रेल्वेचे स्वप्न अर्थरचनेच्या बळावर रुळांवर आले. त्याच मतदारसंघाने देशाला दुसरा रेल्वेमंत्री दिला, तो हिशेबाच्या व्यवसायातून आलेला. प्रभू तिथून १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा चार निवडणुका जिंकले.

वीज मंडळांची थकबाकी

वाजपेयी मंत्रिमंडळात प्रभू यांनी पर्यावरणासह काही खाती सांभाळली. त्यांचा कस लागला तो सप्टेंबर २००० नंतर, ऊर्जा खात्यात. राज्यांची वीज मंडळे तेव्हा दिवाळखोरीच्या कडेला होती. एनटीपीसी, कोल इंडिया यांसारख्या केंद्रीय कंपन्यांचे त्यांनी थकवलेले पैसे २००१ च्या सुरुवातीला ४१ हजार कोटींच्या घरात गेले होते. त्यात मूळ रकमेबरोबर अधिभाराचाही मोठा हिस्सा होता. मंडळे देणे मान्य करत, पण फेडत नसत. कंपन्यांच्या वहीत ते येणे म्हणून दिसे, हातात काही पडत नसे.

मॉन्टेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील गटाने यावर एकरकमी तोडगा सुचवला. अधिभाराचा ६० टक्के भाग माफ करायचा आणि मूळ रक्कम व उरलेला अधिभार यांसाठी राज्य सरकारांनी १५ वर्षांचे, साडेआठ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे काढायचे. ज्या देण्याला कुणी वाली नव्हता, ते राज्याच्या अधिकृत कर्जात आले आणि त्याला परतफेडीची तारीख मिळाली.

३ मार्च २००१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत आणखी मूलभूत गोष्टीवर एकमत झाले : ११ केव्हीच्या प्रत्येक फीडरला आणि प्रत्येक ग्राहकाला मीटर. मीटर नसेल तर चोरी, गळती आणि शेतीपंपांचा वापर हे सारे एकाच अंदाजी आकड्यात दडवता येते. त्यानंतरच्या सुधारणा कार्यक्रमात तांत्रिक गळतीबरोबर वसुलीतली तूटही मोजली जाऊ लागली. किती युनिट विकले याच्या जोडीला विकलेल्यांचे पैसे किती आले, हा प्रश्न अधिकृत झाला. वीज विधेयक २००१ मध्ये प्रभू यांच्याच काळात संसदेत आले. २००३ मध्ये त्याचा कायदा झाला तेव्हा ऊर्जामंत्री होते अनंत गीते. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या आदेशावरून ऑगस्ट २००२ मध्येच प्रभू यांनी मंत्रिपद सोडले होते. पुढे नदीजोड प्रकल्पाच्या कृती दलाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २००९ मध्ये, पुनर्रचनेनंतरच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात नीलेश राणे यांनी त्यांचा पराभव केला. मीटर बसवल्याबद्दल मते मिळत नाहीत.

घसारा ठरवायचा कशावरून?

नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश आणि रेल्वे खाते एकाच दिवशी आले. पाच वर्षांत साडेआठ लाख कोटींहून अधिक गुंतवणुकीची योजना त्यांनी मांडली आणि मार्च २०१५ मध्ये आयुर्विमा महामंडळाशी दीड लाख कोटींच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा करार केला. या मोठ्या आकड्यांच्या गर्दीत त्यांनी हाती घेतलेले एक काम फारसे कुणाच्या नजरेत भरले नाही. ते होते रेल्वेच्या हिशेबाची पद्धत बदलण्याचे.

सरकारी हिशेब मुख्यतः रोखीवर चालतो : पैसा आला की जमा, गेला की खर्च. रेल्वेसारख्या संस्थेला हे पुरत नाही. पंचवीस वर्षे धावायचा डबा दरवर्षी थोडा थोडा झिजतो. ती झीज त्या त्या वर्षाचा खर्च म्हणून धरली, तर डबा बाद होईल तेव्हा नवा घ्यायला पैसा तयार असतो. रेल्वेकडे यासाठी घसारा निधी फार पूर्वीपासून आहे. पण त्यात दरवर्षी किती घालायचे, हे मालमत्तेच्या वयावरून ठरत नाही. इतर खर्च भागवून हातात काय राहते, त्यावरून ठरते. वर्ष तंगीचे असले की पहिली कात्री तिथे लागते. खर्च कमी दिसतो, शिल्लक दिसते, आणि जुना रूळ, जुना पूल, जुनी सिग्नल यंत्रणा पुढच्या वर्षावर ढकलली जाते. या अपुऱ्या तरतुदीवर कॅगने वारंवार बोट ठेवले आहे.

उपार्जित लेखापद्धतीत ही पळवाट बंद होते, कारण तिथे प्रत्येक मालमत्तेची नोंद, किंमत आणि उरलेले आयुष्य मांडावेच लागते. प्रभू यांच्या काळात सनदी लेखापाल संस्थेच्या मदतीने अजमेर विभाग आणि कपूरथळ्याचा डबा कारखाना येथे तिचे प्रायोगिक काम झाले. रेल्वेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीनेही २०१५ मध्ये लेखासुधारणेवर भर दिला. २१ सप्टेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९२४ पासून वेगळा असलेला रेल्वे अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात विलीन केला. रेल्वेने केंद्राला द्यायचा, वर्षाला सुमारे ९,७०० कोटींचा लाभांश त्यामुळे थांबला. प्रभू हे वेगळा रेल्वे अर्थसंकल्प मांडणारे शेवटचे मंत्री ठरले. ज्या व्यासपीठावरून मंत्री देशभर मिरवत, ते त्यांनी स्वतःहून सोडले.

आकडे पाठ सोडत नाहीत

तरीही या कारकीर्दीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. शंभर रुपये कमावण्यासाठी रेल्वेला किती खर्च येतो, ते सांगणारे परिचालन गुणोत्तर २०१५-१६ मध्ये ९०.५ होते, सातव्या वेतन आयोगाचा भार पडल्यावर २०१६-१७ मध्ये ते ९६.५ वर गेले. घसारा निधीतली तरतूद २०१४-१५ मध्ये साडेसात हजार कोटींहून अधिक होती, ती दोन वर्षांत पाच हजार कोटींच्या आसपास उतरली. घसाऱ्याचा अर्थ ज्याला सर्वांत चांगला कळत होता, त्याच मंत्र्याच्या काळात हे घडले. प्रभू यांना धोका दिसत होता. सुरक्षा निधीसाठी त्यांनी अर्थ खात्याकडे १ लाख १९ हजार कोटींहून अधिक रक्कम मागितली होती. २०१७ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष जाहीर झाला.

त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरून सुमारे दीडशे माणसे दगावली होती. १९ ऑगस्ट २०१७ रोजी खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली आणि वीसहून अधिक प्रवासी गेले. चारच दिवसांत कैफियत एक्स्प्रेस घसरली. प्रभू यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि ३ सप्टेंबरला त्यांच्याकडे वाणिज्य खाते गेले.

रेल्वे खात्यात त्यांच्या जागी आलेले पीयूष गोयल हेही सीएच. २०१७-१८ या वर्षात, ज्याचे पहिले पाच महिने प्रभू यांचे आणि उरलेले गोयल यांचे होते, घसारा निधीची तरतूद दीड हजार कोटींच्या आसपास घसरली आणि परिचालन गुणोत्तर ९८.४४ दाखवले गेले. एनटीपीसी आणि इरकॉनकडून आगाऊ घेतलेले पैसे वगळले, तर ते १०२.६६ झाले असते, असे कॅगने नोंदवले. म्हणजे रेल्वे प्रत्यक्षात तोट्यात होती. लागोपाठ दोन सनदी लेखापाल खात्याचे प्रमुख असूनही शिल्लक दाखवण्याची ओढ सुटली नाही. मंत्री कितीही जाणकार असो, पद्धत बदलत नाही तोवर जुनीच सवय जिंकते.

प्रभू यांच्याबद्दल माझा निष्कर्ष असा : त्यांनी रोगाचे निदान अचूक केले आणि औषधाची सुरुवातही केली. औषध पूर्ण घेतले जाईल एवढे राजकीय बळ मात्र त्यांच्यामागे उभे राहिले नाही. त्याचा दोष एकट्या त्यांच्यावर टाकता येणार नाही. नव्या गाडीला हार घालायला स्टेशनवर गर्दी करणारे आपण, घसारा निधी किती ठेवला हे कधी विचारत नाही. आपल्या खासदाराला, आमदाराला, नगरसेवकाला यापुढे एक प्रश्न जरूर विचारा : नवे काय आणले ते सांगालच, पण जे आहे ते टिकवायला यंदा किती रक्कम बाजूला ठेवली? हा प्रश्न मतदार विचारू लागतील, तेव्हाच खरा ताळेबंद मांडणाऱ्या माणसाला आपल्या राजकारणात टिकून राहता येईल.