सुंभ आणि पीळ

२०२५ सालच्या नारळी पौर्णिमेच्या सायंकाळी, दिवाळे कोळीवाड्यातील मिरवणुकीचे ताशे वाऱ्याच्या झोताबरोबर मोठे व बारीक होत बेलापूरच्या माझ्या खोलीपर्यंत पोहोचत असता, मी माझ्या लाकडी जहाजाच्या पिछाडीवरील निशाणाचा दोर बांधला, मेणाने ताठ केलेले त्याचे टोक कात्रीने छाटले, आणि शेजारच्या लांबट वहीत तारीख घालून त्याची नोंद केली. चौतीस वर्षे हिशेबाच्या दफ्तरात काढलेल्या माणसास सेवानिवृत्तीनंतरही, कागदावर रुजू झाल्यावाचून कोणतेही काम झालेसे वाटत नाही. सबब पहिला दोर चढविला त्या दिवसापासून मी अनुक्रमांक, जाडी, प्रारंभ, शेवट, तारीख आणि शेरा असे सहा रकाने पाडून ही वही राखीत आलो आहे. त्या रात्री ती पहिल्या पानापासून चाळली, तेव्हा बारा वर्षांचा जो हिशेब समोर आला त्यात जमेपेक्षा खोडतोडच अधिक होती. तथापि जे काही शिकलो ते त्या खोडतोडीतूनच, म्हणून हा मागोवा तिच्याच अनुरोधाने घेतो.

जहाज कोणते करावे याविषयी माझे मन कधी दोलायमान नव्हते. खाडीच्या पैलतीरी, मुंबईच्या गोदीत, १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने पिढ्यानुपिढ्या जी जहाजे बांधली, त्यांपैकी 'ट्रिंकोमाली' ही तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभी आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानातून ती घडविली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. तिच्या बांधणीची आरेखने विलायतेहून 'जावा' नामक ज्या लढाऊ जहाजावरून मुंबईस येत होती, ते जहाज २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत पडले आणि त्यासोबत ती आरेखनेही गेली. दुसरी प्रत येईपर्यंत वाडियांना वाट पाहत राहावे लागले. माझ्याही आरेखनांची प्रत इंग्लंडात नोकरीस असलेल्या भाच्याने पाठविली आणि ती टपालात दोन महिने कोठेतरी अडकून पडली, तेव्हा या अल्पशा साम्यानेही मला एक प्रकारचा मान मिळाल्यासारखे वाटले, हे येथे कबूल करतो.

२०११ ते २०१३ ही वर्षे सांगाड्यात व तक्तपोशीत गेली. पाडलेल्या एका जुन्या घराच्या खिडक्यांच्या चौकटींचे सागवान मिळाले होते; एका फुटास एक अष्टमांश इंच या प्रमाणाने तोफांचा दीडशे फुटी मजला पावणेएकोणीस इंचांत बसला. या भागाविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, कारण सुतारकामात चूक झाली की ती तत्काळ दिसते, आणि जी तत्काळ दिसते ती बहुधा दुरुस्तही होते. दोरकामाची गोष्ट वेगळी. तेथील चूक वर्षानुवर्षे सुंदर दिसत राहते.

२०१३ च्या दिवाळीनंतर दोरकामास प्रारंभ झाला. अशा जहाजावर दोरांच्या दोन जाती असतात. डोलकाठ्यांना पुढून, मागून व बाजूंनी जखडून ठेवणारे दोर स्थिर असतात, आणि ऊनपाण्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांस डांबर लावीत, त्यामुळे ते काळे दिसतात. शिडे आणि परबाणे, म्हणजे शिडे बांधण्याच्या आडव्या काठ्या, चढविणारे, उतरविणारे व फिरविणारे दोर चल असतात, कप्प्यांतून धावतात, आणि त्यांचा रंग ताकासारखा फिका राहतो. काम खालून वर आणि आतून बाहेर करीत जावे हा शिरस्ता आहे, कारण बाहेरचा दोर आधी बांधला तर आतल्या दोरापर्यंत पुढे चिमटाही पोहोचत नाही. डोलकाठीच्या दोन्ही अंगांस जे दोर उतरतात त्यांची पहिली जोडी उजव्या अंगास, दुसरी डाव्या अंगास, तिसरी पुन्हा उजव्या, अशा आळीपाळीने चढवावयाची. एका अंगाच्या सर्व जोड्या आधी आवळल्या तर काठी त्या अंगास कलते, आणि एकदा कललेली काठी समजुतीने सरळ होत नाही. या दोरांची खालची टोके तीन छिद्रांच्या चपट्या लाकडी गोलांत अडकविलेली असतात. इंग्रज खलाशी त्यांस 'डेडआय' म्हणत. त्या तीन छिद्रांकडे पाहिले असता कवटीचा भास होतो खरा. माझ्या प्रमाणात त्यांचा व्यास तीन मिलिमीटर येई, आणि ते मी पेरूच्या वाळलेल्या फांदीतून कापले, कारण पेरूचे लाकूड घट्ट, बारीक रेषांचे असून छिद्र पाडताना सहसा चिरत नाही.

त्यानंतर आल्या शिडीच्या पायऱ्या, म्हणजे त्या उभ्या दोरांवर खलाशांना चढण्यासाठी आडवे बांधलेले बारीक दोर. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांमध्ये सुमारे सव्वा फूट अंतर असे, ते माझ्याकडे चार मिलिमीटर झाले. दोरांच्या मागे रेघा आखलेले पुठ्ठ्याचे पान उभे करून, बालवीरांना शिकवितात ती खुंटगाठ प्रत्येक उभ्या दोरावर घालीत जावयाचे. एका बैठकीत तीस-चाळीस गाठी झाल्या की डोळ्यांतून पाणी येई. २०१४ च्या एप्रिलातील एका पानावर शेऱ्याच्या रकान्यात 'गाठी बत्तीस. पैकी अकरा सोडल्या' एवढाच मजकूर आहे, आणि त्या दिवसाचा सारा इतिहास त्यात आला आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्याने पहिला धडा दिला. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मी सर्व दोर तंबोऱ्याच्या तारांप्रमाणे ताठ आवळले होते आणि त्या ताठपणाचा मला अभिमानही होता. आषाढ लागला, भिंतींना ओल आली, आणि पुढल्या डोलकाठीची वरची काठी धनुष्यासारखी वाकली. पीळ घातलेला कापसाचा दोर दमटपणाने फुगतो, आणि फुगला की लांबीने आखडतो, हे शास्त्र मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ते मला दिवाळ्याच्या धक्क्यावर एका वयोवृद्ध तांडेलाने सांगितले. मी त्यांना 'काका' म्हणे व ते मला 'साहेब'. शिडाच्या होड्या चालविण्यात त्यांचे तारुण्य गेले होते, आणि यंत्र आल्यापासून डोलकाठीची याद तेवढी उरली होती. माझी तक्रार ऐकून ते हसले आणि म्हणाले की पाऊस दिसला की आम्ही दोर आधी सैल करीत असू. दोराला आवळणे कोणालाही येते, त्याला किती मोकळा ठेवावा ते कळले म्हणजे माणूस खलाशी झाला. मी घरी येऊन एकतीस दोर सोडले.

काकांच्या तोंडून डोल, परबाण, कलमी हे शब्द इतक्या सहजतेने येत की माझ्या इंग्रजी पुस्तकातील नावांची मला लाज वाटू लागली, आणि मी जुन्या जहाजी शब्दांच्या मागे लागलो. १८११ साली कलकत्त्यास टॉमस रोबक नामक लष्करी अधिकाऱ्याने इंग्रजी आणि हिंदुस्थानी जहाजी शब्दांचा एक कोश छापला होता, कारण इंग्रजांच्या जहाजांवरील हुकूम ज्यांना पाळावयाचे होते त्या खलाशांची बोली इंग्रजांस येत नव्हती. त्या बोलीत पुढल्या शिडास 'तिरकट', वरच्या शिडास 'गावी' आणि शिडाचा वाऱ्याकडील खालचा कोपरा खेचून धरणाऱ्या दोरास 'मूरा' म्हणत. तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, आणि आमच्या माणसांच्या जिभेवर झिजून झिजून आमचे झालेले. तेव्हापासून वहीत दोरांची नावे मी दुहेरी लिहू लागलो. आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात रामचंद्रपंत अमात्यांनी जहाजांच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस बळाने तोडू नयेत, कारण ती झाडे वाढवावयास वर्षे लागतात, असा किती कळवळ्याने बंदोबस्त सांगितला आहे! लाकडास असा वाली मिळाला. दोर वळणारा मात्र बखरीत व दफ्तरात क्वचितच नावाने उभा राहतो.

आता खोडतोडीच्या मुख्य प्रकरणाकडे येतो. स्थिर दोर काळे करण्यासाठी बाजारचा रंग वापरावा हे माझ्या स्वाभिमानास रुचले नव्हते. हिरड्याच्या काढ्यात दोर भिजवून मग हिराकसाच्या पाण्यात बुडविला की त्यास गर्द, गंभीर काळेपणा येतो, ही आपल्याकडील जुनी रीत मी आजोळी पाहिली होती, आणि तीच योजिली. चार वर्षे ते दोर पाहुण्यांनी वाखाणले. २०१८ च्या मार्चमध्ये मी मऊ कुंचल्याने धूळ झाडीत असता मुख्य डोलकाठीस पुढे बांधून ठेवणारा जाड दोर काहीही आवाज न करता तुटला. मी दुसऱ्यास हात लावला, तो चिमटीत चुरला. हिराकसातील लोह आणि त्याची आम्लता कापसाचा तंतू आतून कुरतडीत असते; फिके दोर जसेच्या तसे होते, आणि काळे मात्र एकूण एक, नुसते रंगाने उभे होते. तीन दिवसांनी वही उघडून मी एकशे सदतीस नोंदींवर लाल शाईने 'रद्द' असे लिहिले. सरकारी नोकरीत एवढ्या नोंदी एका बैठकीत रद्द करण्याचा अधिकार मला कधी मिळाला नव्हता.

जहाज काचेच्या पेटीत गेले आणि दोन वर्षे तेथेच राहिले. या काळात मला 'ट्रिंकोमाली'च्या चरित्रातील एका गोष्टीने थोडा धीर दिला: १८१९ साली ती पोर्ट्समथला पोहोचली खरी, परंतु युद्धे संपली होती, तिची कोणास गरज नव्हती, आणि १८४५ पर्यंत तिला निकामी बांधून ठेवण्यात आले. सव्वीस वर्षे थांबलेल्या जहाजाच्या प्रतिकृतीने दोन वर्षे थांबावे, यात तक्रारीस जागा नव्हती.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, दुकाने बंद झाली, आणि घरात शिवणकामाच्या पॉलिएस्टर दोऱ्याची काळी व बदामी रिळे तेवढी होती. तोपर्यंत दोर मी आयता आणीत असे. आता तो वळणे प्राप्त झाले. जुन्या घड्याळाची दातेरी चाके आणि सायकलच्या आऱ्यांचे आकडे यांपासून एक लहानसे दोर वळण्याचे यंत्र तयार केले आणि ते बैठकीच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडले, त्यामुळे घरातील मंडळींना महिनाभर भिंतीच्या कडेने चालावे लागले. दोराचे मर्म मला तेव्हा कळले. प्रत्येक पेडास एका दिशेने पीळ भरावयाचा, आणि तसे तीन पेड एकत्र करून त्यांस उलट दिशेने वळावयाचे; प्रत्येक पेड उलगडू पाहतो, आणि त्याची ती उलगडण्याची ओढच इतरांस आवळून धरते. बाहेरून लावलेले कोणतेही बंधन तेथे नसते. तीन पेडांची परस्परविरुद्ध इच्छा, एवढाच दोराचा आधार.

दुसऱ्या खेपेचे दोरकाम २०२० च्या श्रावणात सुरू होऊन पाच वर्षे चालले. दोरा कृत्रिम असल्याने पावसाळा त्यास बाधत नाही, तरी काकांनी सांगितलेली सैल मी सोडलीच. ती आता हवामानाकरिता नव्हती, हातास तशीच सवय लागली होती. याच काळात केव्हातरी लक्षात आले की दुसऱ्या खेपेस मी आरेखन फारच थोड्या वेळा उघडले. कोणता दोर कोणाच्या आतून जातो, कोठे थांबतो, कोणत्या खुंटीवर किती वेढे घ्यावयाचे, हे बोटे आपण होऊन करीत होती. एकशे सदतीस दोर नष्ट झाले, पण ते बांधण्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले नव्हते.

खऱ्या जहाजाचेही असेच असते. हार्टलपूल येथे १९८७ साली 'ट्रिंकोमाली' आणली गेली आणि २००१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार चालला. तिच्या अंगात मुंबईच्या सुतारांनी जोडलेले सागवान अद्याप पुष्कळ आहे, परंतु तिच्यावरचा १८१७ सालचा दोर शोधणे व्यर्थ. शिडाच्या काळात दोर हा जहाजाचा रोजचा खर्च असे, घासावा, कुजावा, बदलावा. भांडारात नवा तयार असे. लाकूड स्वतः टिकते. दोर टिकतो तो वळणाऱ्याच्या आणि बांधणाऱ्याच्या हातात, आणि हात गेले की तिरकट, गावी, मूरा हे शब्दही कोशाच्या पानांत जाऊन बसतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसास टोचून बोलतो; या म्हणीत दोर वळणाऱ्याचा दिलासाही असेल हे मला बारा वर्षांनी समजले.

त्या पौर्णिमेच्या रात्री वही बंद करण्यापूर्वी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून 'समाप्त' लिहिण्याचा मोह झाला. परंतु हिशेबात पान संपले म्हणजे खाते संपत नसते. मी नवे पान काढले. पुढील वैशाखात तपासावयाचे सहा दोर त्यावर उतरविले, आणि माथ्याशी, आयुष्यभर ज्या शब्दांनी पाने उलटली त्याच शब्दांनी लिहिले: मागील पानावरून पुढे ओढले.