यादीत नसलेली वाडी

19 जुलै 2023 च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बहुतेक घरे झोपली होती. शाळेत बसलेली काही मुले तेवढी जागी होती. आवाज ऐकून ती धावली आणि खाली निरोप गेला. ठाकूर समाजाच्या या वाडीची लोकसंख्या 228. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह सापडले होते आणि 57 माणसांची नोंद बेपत्ता म्हणून झाली होती. आश्रमशाळेत राहणारी मुले वाचली, पण त्यांतल्या कित्येकांचे आईबाप ढिगाऱ्याखाली गेले.

वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. चौक गावाजवळच्या पायथ्यापासून पावसात, चिखलात, अंधारात पायवाट चढायची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तसेच चढले. हेलिकॉप्टर सज्ज होते, पण ढगांमुळे उडू शकले नाही. जेसीबी पायथ्याशीच थांबले आणि वर फावडी, कुदळी, घमेल्यांनी माती उपसली गेली. मदतीसाठी निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका जवानाचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. पहिल्या तासांत धावून गेलेल्यांत आसपासच्या गावांतली माणसे होती, खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे गिर्यारोहक होते. त्यांना वाट ठाऊक होती, म्हणून ते पोहोचू शकले.

त्या तीन दिवसांत या भागात 499 मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती: दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

याद्या कशा होतात, त्यांत कोण बसते, हा प्रश्न इथून सुरू होतो. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा रायगड जिल्ह्यातली तीन नावे चर्चेत आली: उरण, थळ-वायशेत आणि रोहा-धाटाव-नागोठणे. बंदर, तेल, वायू, खत, रसायने. शत्रूचा हल्ला झाला तर देशाला जिथे लागेल ती ही ठिकाणे. ती यादीत असायलाच हवीत. पण नागरी संरक्षणाचा 1968 चा कायदा मुळात युद्धाच्या धोक्यासाठी असला, तरी 2009 च्या दुरुस्तीने त्यात आपत्ती व्यवस्थापनही आले. म्हणजे हल्ला आणि दरड यांच्यासाठी लागणारी तयारी एकच आहे, हे राज्यकर्त्यांनी केव्हाच मान्य केले आहे. भोंगा, प्रशिक्षित स्वयंसेवक, ठरलेली सुरक्षित जागा, जखमीला उचलून नेण्याचा सराव. मग हे सारे कारखान्याच्या कुंपणापाशी का थांबावे?

इर्शाळवाडीतला शोध 23 जुलैला थांबला. त्याच रात्री थोड्या अंतरावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड आली. तिथे 2015 मध्येही दगड कोसळून माणसे दगावली होती आणि त्यानंतर घाटातल्या कड्यांना पोलादी जाळ्या लागल्या. महामार्गाला जाळी मिळाली, हे योग्यच झाले. त्याच सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्या माणसांना निदान आगाऊ इशारा तरी मिळायला हवा होता.

हा उतार का सुटतो, हे गूढ नाही. खाली काळा कातळ, वर झिजलेला मुरूम आणि माती. दिवसरात्र पाऊस लागला की पाणी मुरत जाते, मातीचे वजन वाढते, तिच्या पोकळ्यांतला पाण्याचा दाब वाढतो आणि कातळावरची पकड सुटते. बऱ्याचदा आधी खुणा दिसतात: जमिनीला भेगा, कललेली झाडे, अचानक फुटलेला झरा, नितळ झऱ्याला आलेले गढूळ पाणी. या खुणा उपग्रहाआधी गुराख्याला दिसतात. मात्र त्याने त्या कोणाला सांगायच्या आणि ऐकणाऱ्याने त्याच रात्री वाडी हलवायची की नाही, हे ठरलेले नसते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव. 2014 मध्ये आंबेगाव तालुक्यातले माळीण, 151 मृत्यू. 2021 मध्ये पुन्हा महाडचे तळीये. माळीण नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते एका एसटी चालकामुळे.

बांगलादेशाने या बाबतीत वेगळी वाट धरली. 1970 च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून अधिक माणसे गेली. 1972 मध्ये सुरू झालेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमाने गावोगावचे स्वयंसेवक उभे केले. झेंडे, कर्णे आणि दारोदारचा निरोप हीच त्यांची साधने. 2007 च्या ‘सिद्र’ या भीषण वादळात मृत्यूंचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. तोही मोठाच, पण मधल्या काळात लाखो जीव वाचवण्याची रीत त्या देशाला सापडली होती.

कर्जत-खालापूर पट्ट्यात ही रीत कुंभिवलीसारख्या गावापर्यंत यायला हवी. इथल्या माणसांना एकाच वेळी डोंगराची दरड, नदीचा पूर, औद्योगिक पट्ट्यातली रसायने आणि घाटातून उतरणारे टँकर यांचा विचार करावा लागतो. जून 2023 मध्ये खंडाळ्याजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर पेटला, तेव्हा जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोहोचले होते. वायुगळतीत वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचे, दरडीच्या भीतीत ओढ्यापासून आणि उताराखालून दूर व्हायचे. दोन धोके, दोन वेगळ्या वाटा. त्या पावसाळ्याआधी पायी चालून पाहाव्या लागतात.

पावसाची मोजणी महसूल मंडळावार होते आणि 24 तासांत पाऊस 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी नोंदली जाते. खालच्या गावातला आकडा माथ्यावरच्या वाडीला लागू पडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक उंचावरच्या वाडीत साधे पर्जन्यमापक हवे, ते वाचणारी शिकलेली मुलगी किंवा मुलगा हवा आणि कोणत्या आकड्याला सगळ्यांनी शाळेत वा खालच्या गावात जायचे, हा ग्रामसभेचा ठराव हवा. आपत्तीसाठी स्वयंसेवक घडवणाऱ्या ‘आपदा मित्र’ योजनेतले प्रशिक्षण अशाच मुलांना आधी मिळावे.

2025 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन राजधान्या आणि महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांची तरतूद झाली. वाडीसाठी तसे काही नाही. तिथे ग्रामपंचायत आणि तहसील हीच यंत्रणा आहे. माणसे, वायरलेस, विजेऱ्या आणि स्ट्रेचर मे महिन्यातच त्यांच्या हाती द्यावे लागतील.