परक्या पैशाचा हिशेब : न्यायालयातील नाझर

महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयाच्या किंवा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या इमारतीत न्यायाधीशांच्या दालनांपासून काहीसा बाजूला नाझर विभाग असतो. न्यायालयात येणारा आणि न्यायालयातून बाहेर जाणारा पैसा ज्या वह्यांत नोंदला जातो त्या वह्या या विभागात लिहिल्या जातात, आणि त्यांची जबाबदारी ज्या कर्मचाऱ्यावर असते त्याला नाझर म्हणतात. पदांच्या उतरंडीत हे स्थान फार वरचे नाही. प्रधान जिल्हा न्यायाधीश, प्रबंधक आणि अधीक्षक यांच्या खाली, लिपिकांच्या वर, असे ते मधले पद आहे. परंतु निकालपत्राने मिळालेला हक्क पैशाच्या रूपाने पक्षकाराच्या हाती पडायचा असेल, तर त्याचा अखेरचा टप्पा याच टेबलावर पार पडतो, आणि म्हणून या कामाला निव्वळ कारकुनी समजणे म्हणजे न्यायदानाची अर्धीच वाट पाहून परत फिरणे होय.

नाझराच्या हिशेबात तीन निरनिराळ्या मालकांचा पैसा असतो. पहिला शासनाचा. दावा दाखल करताना द्यावी लागणारी न्यायालय फी आणि फौजदारी खटल्यातील दंड या रकमा शासनाचा महसूल ठरतात. महाराष्ट्रात न्यायालय फीची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेण्यात आली, तर पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद अशा काही प्रकरणांत स्त्रियांना १९९४ च्या अधिसूचनेने ही फी माफ आहे. पूर्वी फी म्हणजे केवळ चिकटवलेले मुद्रांक असत, ज्यांना छिद्र पाडून ते रद्द करणे हे न्यायालयीन कर्मचाऱ्याचे नित्याचे काम होते; आता राज्याच्या ‘ग्रास’ या संगणकीय प्रणालीतूनही फी भरता येते. महसुलाबाबतचा मूलभूत नियम असा की कार्यालयात जमा झालेली ही रक्कम कार्यालयाच्या खर्चासाठी परस्पर वापरता येत नाही. ती चलनाने, म्हणजे भरणा-पत्रकाने, कोषागारात जमा करावी लागते, आणि खर्चासाठी लागणारा पैसा स्वतंत्र देयक सादर करूनच मागावा लागतो. कार्यालयाला मंजूर झालेले अनुदान हा दुसरा पैसा होय. वेतन, वीज, लेखनसामग्री, प्रवासभत्ता हे सारे त्यातून भागते. वेतनाची देयके ‘सेवार्थ’ या संगणकीय वेतन-प्रणालीवर तयार होतात, अनुदानाची उपलब्धता ‘बीम्स’ या अर्थसंकल्पीय प्रणालीवर दिसते, आणि मार्चअखेर जवळ आली की इतर कोणत्याही शासकीय कार्यालयाप्रमाणे येथेही घाई उडते.

या दोन्हींपेक्षा तिसरा पैसा अधिक नाजूक आहे, कारण तो शासनाचाही नसतो आणि न्यायालयाचाही नसतो. तो पक्षकारांचा असतो आणि न्यायालयाकडे केवळ ठेव म्हणून आलेला असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८४ मध्ये या पैशाची स्वतंत्र दखल घेतली आहे. एखादा दावा, प्रकरण किंवा व्यक्ती यांच्या नावे न्यायालयाकडे आलेली रक्कम ‘लोकलेख्या’त जमा झाली पाहिजे, असे हे कलम सांगते. लोकलेखा म्हणजे शासन ज्या पैशाचे मालक नसून केवळ सांभाळकर्ते आहे अशा पैशाचे खाते. शासनाचा महसूल एकत्रित निधीत जातो, ठेव मात्र लोकलेख्यात राहते. घटनाकारांनी आखलेली ही सीमारेषा नाझराला आपल्या वहीत दररोज जपावी लागते.

ठेवींचे प्रकार पाहिले की समाजातील बहुतेक आर्थिक भांडणे येथे येऊन थांबतात हे ध्यानात येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार थकलेल्या भाड्यासाठी दावा झाला, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली व पुढेही भाडे आणि दाव्याचा खर्च नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. अशा भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर शेवटी नाझराने दिलेल्या पावतीवरील तारखेवर अवलंबून असते. भूसंपादनाच्या प्रकरणांत तारखेचे महत्त्व आणखी वाढते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली न्यायालयाने मोबदला वाढवून दिला, तर ताबा घेतल्याच्या तारखेपासून पहिल्या वर्षासाठी ९ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के दराने व्याज देता येते, आणि हे व्याज वाढीव रक्कम न्यायालयात जमा होईपर्यंत चालू राहते. २०१३ चा नवा कायदा आल्यानंतरही जुन्या संपादनाची प्रकरणे अनेक न्यायालयांत चालू राहिली. त्यामुळे जमा-नोंदवहीतील एका ओळीवर शेतकऱ्याचे आणि शासनाचेही मोठे हित अवलंबून असते. मोबदला थकला म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयातील खुर्च्या, संगणक किंवा वाहन जप्त करण्यासाठी बेलिफ पोहोचल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. बेलिफ म्हणजे समन्स बजावणारा व जप्तीचे वॉरंट अमलात आणणारा कर्मचारी, आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणे हेही नाझराचेच काम आहे.

हुकूमनाम्याची रक्कम वसूल करण्यासाठी जो अर्ज करावा लागतो त्याला महाराष्ट्रातील न्यायालयांत दरखास्त म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ मध्ये तिचे सविस्तर नियम आहेत, आणि त्यांतील लिलावाचे नियम पैशाच्या बाबतीत विलक्षण काटेकोर आहेत. समजा, ऋणकोची मालमत्ता ४० लाख रुपयांना विकली गेली, तर सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याने २५ टक्के, म्हणजे १० लाख रुपये, तेथेच भरले पाहिजेत, आणि उरलेले ३० लाख पंधराव्या दिवशी न्यायालय बंद होण्यापूर्वी जमा झाले पाहिजेत. ही मुदत न्यायालयालाही वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच स्पष्ट केले आहे. पण संहिता ऋणकोलाही शेवटची संधी देते: विक्रीपासून ६० दिवसांत त्याने वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या किमतीच्या ५ टक्के, म्हणजे या उदाहरणात २ लाख रुपये, भरून अर्ज केला, तर विक्री रद्द होऊ शकते. अशा वेळी घर वाचविण्यासाठी मुदतीच्या अखेरच्या दिवशी पैसे घेऊन आलेल्या माणसाला चलन कुठे मिळते आणि बँकेची वेळ कोणती हे नीट सांगणारा नाझर असणे, ही कोणत्याही नियमपुस्तिकेत न सापडणारी पण अत्यंत मोलाची गोष्ट आहे.

आणखी एक बारकावा सामान्य पक्षकाराच्या सहसा लक्षात येत नाही. हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयात भरली की व्याज आपोआप थांबते असे अनेकांना वाटते, पण संहितेनुसार रक्कम भरल्याची नोटीस समोरच्या पक्षाला बजावली गेल्यावरच व्याज थांबते. रक्कम भरून घरी गेलेल्या आणि नोटिशीचा विचारही न केलेल्या ऋणकोला म्हणूनच पुढे अनपेक्षित व्याजाला तोंड द्यावे लागते.

पैसा जमा होणे तुलनेने सोपे असते, बाहेर पडणे मात्र कठीण असते, आणि ते तसे असण्यामागे कारण आहे. रक्कम मिळावी असा अर्ज आला की न्यायाधीश त्यावर नाझराचा अहवाल मागवतात. खात्यात किती शिल्लक आहे, वरच्या न्यायालयाची स्थगिती आहे काय, दुसऱ्या एखाद्या न्यायालयाने हीच रक्कम जप्त करण्याची नोटीस पाठविली आहे काय, त्याच ऋणकोविरुद्ध इतरही धनकोंच्या दरखास्ती प्रलंबित असून संहितेच्या कलम ७३ प्रमाणे रक्कम त्यांच्यात प्रमाणशीर वाटावी लागेल काय, या साऱ्याची उत्तरे त्या अहवालात द्यावी लागतात. त्यानंतर न्यायिक आदेश होतो, वकील पक्षकाराची ओळख पटवतो, बँक खात्याचा तपशील तपासला जातो आणि मग रक्कम अदा होते. यातील प्रत्येक पायरी चुकीच्या माणसाच्या हाती पैसा पडू नये म्हणून आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की पोटगीच्या तुटपुंज्या रकमेवर घर चालवणाऱ्या स्त्रीला याच पायऱ्या दरमहा चढायला लावणे अन्यायाचे आहे. पोटगी थेट तिच्या बँक खात्यात भरण्याचा आदेश सुरुवातीलाच झाला, तर हा फेरा टळतो आणि नाझर विभागाचेही काम हलके होते.

ठेव ठेवण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. कोषागारातील दिवाणी न्यायालय ठेवींवर व्याज मिळत नाही. त्यामुळे मोठी रक्कम दीर्घकाळ पडून राहणार असेल, तर ती बँकेत मुदत ठेवीत गुंतवावी असा आदेश न्यायालयाकडून मिळवणे पक्षकाराच्या हिताचे असते. मोटार अपघाताच्या भरपाईत तर मुदत ठेव हा संरक्षणाचा मुख्य मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वांनुसार अज्ञान वारसांचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय त्या ठेवीवर कर्ज काढता येत नाही. बाप अपघातात गेलेल्या चार वर्षांच्या मुलाची ठेव चौदा वर्षे जपायची असते, आणि त्या काळात नाझर बदलतात, बँकांच्या शाखा एकमेकींत विलीन होतात, कुटुंब गाव सोडते. अशा प्रत्येक ठेवीसमोर मुलाची सज्ञान होण्याची तारीख लिहून त्या वर्षी त्याला नोटीस पाठविण्याची पद्धत प्रत्येक न्यायालयात कसोशीने पाळली गेली पाहिजे; संगणकाच्या काळात हे मुळीच अवघड नाही.

अज्ञान मुलांशी नाझराचे आणखी एक नाते आहे. दाव्यात प्रतिवादी असलेल्या अज्ञानाचे हित पाहायला दुसरा कोणी योग्य माणूस नसेल, तर न्यायालय आपल्या एखाद्या अधिकाऱ्यालाच त्याचा पालक नेमू शकते, आणि ही नेमणूक अनेकदा नाझराच्या वाट्याला येते.

एवढा परका पैसा हाताळणाऱ्या पदावर नियंत्रणेही तितकीच कडक असावी लागतात. क्रमांकित पावतीशिवाय रक्कम स्वीकारायची नाही, व्यवहार झाल्याबरोबर रोकडवहीत नोंद करायची, नोंदीवर वरिष्ठाची सही घ्यायची, आणि महिनाअखेर हातातील शिलकेची प्रत्यक्ष मोजणी होऊन तसा दाखला वहीत लिहिला गेला पाहिजे, ही त्या नियंत्रणांची चौकट आहे. त्याखेरीज न्यायालयाच्या वहीतील आकडे कोषागाराच्या आकड्यांशी जुळवून पाहायचे असतात, ज्याला ताळमेळ म्हणतात. लेखापरीक्षण महालेखापालांचे कार्यालय करते आणि उच्च न्यायालयाकडूनही तपासणी होते. ताळमेळाचे काम कंटाळवाणे असल्याने ते मागे पडण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि एकदा काही महिन्यांचा फरक साचला की त्याचे मूळ शोधताना प्रामाणिक नाझराचीही झोप उडते.

दाव्याच्या धामधुमीत विसरल्या गेलेल्या ठेवींचे काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. तीन पूर्ण लेखा वर्षे, म्हणजे एप्रिल ते मार्च अशी तीन वर्षे, कोणी मागणी न केलेली ठेव मार्चअखेर ‘व्यपगत’ ठरते, आणि ती शासनाच्या महसुलात जमा होते. मूळ पक्षकार वारलेला असतो, वारसांना ठेवीची माहिती नसते, वकिलानेही व्यवसाय सोडलेला असतो, आणि कोणाच्याही वाईट हेतूशिवाय एका कुटुंबाचा पैसा त्याच्यापासून दुरावतो. मात्र व्यपगत होण्याने हक्क नाहीसा होत नाही. जुन्या दाव्याचा क्रमांक, रक्कम भरल्याची पावती किंवा निकालपत्राची प्रत, आणि आवश्यक तेथे उत्तराधिकार प्रमाणपत्र जोडून वारसांनी त्याच न्यायालयात अर्ज करायचा असतो. नाझर जुन्या नोंदवहीतून मूळ जमा आणि व्यपगत झाल्याची नोंद शोधून अहवाल देतो, न्यायालयाचा आदेश झाल्यावर प्रकरण महालेखापालांच्या मंजुरीसाठी जाते, आणि ती आली की रक्कम कोषागारातून परत मिळते.