तळं की मळा?

'नाशिकला जाऊन येऊ' हे वाक्य पूर्वी घरातली मोठी माणसं म्हणायची. त्याचा अर्थही ठरलेला असायचा. पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वर आणि येताना चिवडा. आता हेच वाक्य शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो वाइनचा ग्लास, समोर पसरलेलं पाणी आणि सोमवारपर्यंत सायलेण्टवर टाकलेला फोन. नाशिक तेच, फक्त तीर्थ बदललं!

हा बदल काही एका रात्रीत झालेला नाही. 1999 साली सुला सुरू झाली, 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षांपासून वाइन बनवणाऱ्या उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं आणि बघता बघता गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीच्या बाजूला वाइनरी उभ्या राहिल्या. वाइनरी आल्या, तिथे टेस्टिंग रूम आल्या, टेस्टिंगला माणसं आली, आणि माणसं म्हटली की राहायची सोय आलीच. आज बुकिंग साइटवर 'नाशिक' टाकलं की पर्यायांची रांगच लागते. लेक व्ह्यू, व्हाइनयार्ड व्ह्यू, लेक अ‍ॅण्ड व्हाइनयार्ड व्ह्यू... सगळीकडे तोच निळा पूल, तीच पांढरी चादर आणि चादरीवर टॉवेलचे तेच दोन हंस. निवडायचं कसं?

गेल्या काही वर्षांत मी वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या कंपनीबरोबर इथे राहिले आहे. कधी ऑफिसचा ग्रुप, कधी एकच मैत्रीण, एकदा चक्क आई-बाबा. त्यातून माझ्यापुरता एक क्रम ठरून गेलाय. आधी कॅलेण्डर, मग नकाशा, आणि रूमचे फोटो सगळ्यात शेवटी.

आधी कॅलेण्डर

पहिली गोष्ट म्हणजे, साइटवर ज्याला 'लेक' म्हणतात त्याला गावात कुणी तळं म्हणत नाही. ते धरण आहे. गंगापूर घ्या, मुकणे घ्या, ही माणसांनी अडवलेली पाणी आहेत आणि ती तुमच्या बाल्कनीसाठी अडवलेली नाहीत. नाशिक शहर हेच पाणी पितं, शेतीला हेच पाणी जातं आणि पाऊस कमी झाला की खाली जायकवाडीला किती सोडायचं यावर दोन्हीकडे पेपरांत मथळे झळकतात. थोडक्यात काय, तर हे पाणी वर्षभर खर्च होत असतं. पावसाळा चांगला झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरात धरण काठोकाठ असतं, आणि मे महिन्यापर्यंत ते चांगलंच आत सरकतं.

आमचा ग्रुप एकदा मे महिन्यात एका रिसॉर्टवर 'प्रीमियम लेक व्ह्यू'चे पैसे भरून राहिला होता. बाल्कनीतून पाणी दिसत होतं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दिसत होती लांबच लांब भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर निवांत चरणाऱ्या म्हशी. फोटो खोटा नव्हता हो, फक्त सप्टेंबरातला होता!

आता द्राक्षाचं कॅलेण्डर बघा. ते नेमकं उलटं चालतं. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतो, बर्फ सरला की जागा होतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी-शेवटी फळ देतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. मग शेतकरी त्याला कात्रीने शिस्त लावतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. घड धरतात ते या दुसऱ्या छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते.

म्हणजे हिशोब असा. जुलै ते सप्टेंबर : पाणी भरपूर, डोंगर हिरवेगार, ढग रूममध्ये येतील की काय असं वाटावं इतके खाली. पण वेलांवर नुसती पानं. फेब्रुवारी-मार्च : बागा घडांनी लगडलेल्या, वाइनरीत क्रशिंगची धांदल, पाणी मात्र थोडं मागे गेलेलं. एप्रिल-मे : पाणीही कमी आणि बागेत छाटलेले ओंडके. यात एकच फायदा, रेट जरा जमिनीवर असतात. दोन्ही एकत्र हवं असेल तर डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट. तेव्हाच नाशिकला कडाक्याची थंडी असते आणि अर्थात तेव्हाच सगळ्या मुंबई-पुण्याला नाशिक आठवतं. बुकिंग दिवाळीनंतर लगेच करून टाका.

मग नकाशा

'नाशिक वाइन कण्ट्री' ऐकायला एकच वाटतं. राहण्याच्या दृष्टीने मात्र ते निदान तीन वेगवेगळे मुलुख आहेत.

पहिला गंगापूर-गंगावऱ्ह्याचा. शहराला लागून असलेला, सगळ्यात गजबजलेला. सुलाची वाइनरी याच बाजूला गोवर्धनला आहे. तिच्या आवारातच 'द सोर्स' हे त्यांचं रिसॉर्ट आहे आणि थोडं पुढे, धरणाच्या बाजूला, 2010 मध्ये सुरू झालेलं 'बियॉण्ड'. याच पट्ट्यात 'सोमा व्हाइन व्हिलेज' आहे, धरणाकाठी एमटीडीसीचं 'ग्रेप पार्क रिसॉर्ट' आहे, शिवाय फार्महाऊस आणि व्हिला वेगळेच. पहिल्यांदा जात असाल, ग्रुप असेल, किंवा स्वतःची गाडी नसेल तर फार विचार करू नका, इथेच राहा. सकाळी शहराकडे येऊन साधनाची मिसळ हाणता येते, हा बोनस! तोटा एवढाच की शनिवारी संध्याकाळी टेस्टिंग रूममध्ये आपल्याच ऑफिसातला कुणीतरी भेटण्याची शक्यता बरीच असते.

दुसरा मुलुख मुकणे धरणाचा, संजेगावचा. हा इगतपुरी तालुक्यात येतो. इथे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने या वाइनरी जवळजवळ आहेत. व्हॅलोनेकडे राहायला मोजक्या खोल्या आहेत आणि समोर पाणी. मुंबईहून येणाऱ्यांना तर नाशिक शहरात शिरायचीही गरज नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टीही टळते. हा भाग जोडप्यांसाठी किंवा ज्यांना पुस्तक घेऊन नुसतं पडून राहायचंय त्यांच्यासाठी. रात्री नऊनंतर इथे करण्यासारखं काहीही नाही. हे काहींना संकट वाटेल, मला ते पॅकेजमध्ये मिळालेलं सुख वाटलं.

तिसरा मुलुख शहराच्या दुसऱ्या बाजूला, निफाडचा. इथली द्राक्षं मुख्यतः खाण्याची, वाइनची नव्हेत. पण गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं हे पहिलंच रामसर स्थळ. हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात. निफाडची थंडी तर पेपरात छापून येणारी. इथे टेस्टिंग रूम आणि इन्फिनिटी पूलची अपेक्षा ठेवू नका. साधी खोली, गरम पिठलं-भाकरी, पहाटे साडेपाचचा गजर आणि गळ्यात दुर्बीण. हे जमणार असेल तर तळं या शब्दाला खरं जागणारं ठिकाण हेच.

गाडी कोण चालवणार?

हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर येतं, 'बघू रे तिकडे गेल्यावर!' माझ्या मते राहायची जागा ठरवताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे.

गणित साधं असतं. शहरातलं हॉटेल स्वस्त पडतं, मग राहायचं तिथे आणि संध्याकाळी वाइनरीत जायचं. टेस्टिंगचे चार-पाच छोटे घोट, सूर्यास्ताबरोबर एक ग्लास, जेवताना अजून एक. साडेनऊला सगळे उठतात आणि कुणीतरी खिशातून किल्ली काढतो. 'वाइनच तर आहे, चढत नाही' हे वाक्य नेमकं तेव्हाच येतं. रस्ता अरुंद, दिवे तुरळक, तोडणीचे दिवस असले तर समोरून द्राक्षांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर. त्या रस्त्यावर आपण एकटे नसतो. दिवसभर बागेत राबून घरी निघालेली माणसंही सायकलवरून, पायी त्याच अंधारातून जात असतात.

कायदा म्हणतो, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तुम्ही गाडी चालवायची नाही. ते अल्कोहोल वाइनचं की व्हिस्कीचं, हे मशीन विचारत नाही. 2019 पासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण दंडाचा हिशोब सोडा. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं, आणि तुमच्याही.

कॅब? शहरात मिळते. रात्री धरणाच्या बाजूला अ‍ॅपवरचं चक्र फिरत राहतं आणि आपण मोबाइलची रेंज शोधत फिरत राहतो. म्हणून माझा नियम एका ओळीचा आहे. शेवटचा ग्लास जिथे, बिछाना तिथे. रूम दोन-तीन हजारांनी महाग पडेल, पण चार जणांत वाटले की ते पैसे फार होत नाहीत. शिवाय ग्रुपमधल्या त्या एका बिचाऱ्याला रात्रभर लिंबू सरबतावर बसावं लागत नाही. तेवढं बजेट नसेल तर टेस्टिंग दुपारी नको, वाइनरी फक्त बघा आणि बाटली विकत घेऊन हॉटेलवर उघडा. तीच वाइन, तोच ग्रुप, किल्ली कपाटात.

आई-बाबा बरोबर असतील तर

आईचा पहिला प्रश्न होता, 'तिथे वास येतो का गं?' तिला वाइनरीच्या आवारात ठेवायचं धाडस मी केलं नाही. आम्ही धरणाजवळ साधं, स्वच्छ, तळमजल्यावर खोली मिळेल असं ठिकाण घेतलं. आई-बाबांबरोबर जाताना तळमजला, वेळेवर चहा आणि त्र्यंबकचं अंतर एवढंच बघायचं असतं. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण 30 किलोमीटर. धरणाच्या बाजूने गिरणारेमार्गे निघालं तर शहरातली गर्दी टाळूनही जाता येतं.

सकाळी आई चहाचा कप घेऊन काठाशी उभी होती. तिने विचारलं, हे कुठल्या नदीचं पाणी? मी म्हटलं, गोदावरीचं. तिने कप खाली ठेवला, चपला काढल्या आणि वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केला. इतक्या वेळा आले, या पाण्याचे शंभर फोटो काढले, पण ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी इथे पहिल्यांदा थोडी थांबते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. बाबांनी मात्र दुपारी हळूच विचारलं, 'ती वाइनरी किती लांब आहे म्हणालीस?'

बुकिंगआधी एक फोन

साइटवरचे रिव्ह्यू वाचाच, पण त्याआधी थेट रिसॉर्टला फोन लावा आणि एवढं विचारा.

– आजच्या तारखेचा पाण्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप कराल का? (जे पाठवतात, त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं.)

– खोलीपासून पाणी आणि वाइनरी चालत किती मिनिटं? किलोमीटर नको, मिनिटं सांगा.

– त्या वीकेण्डला लॉनवर लग्न आहे का? नाशिकच्या रिसॉर्टवर लग्नं जोरात होतात, आणि डीजेला तळं काय नि मळा काय!

– रात्रीचं किचन किती वाजता बंद होतं? नंतर बाहेर काही मिळेल या भ्रमात राहू नका.

– कॅब तुम्ही देता का, परतीचे किती घेता?

– पूलचं पाणी कुठून आणता? उन्हाळ्यात हा प्रश्न विचारायला लाजू नका. आजूबाजूच्या गावांना टँकर येत असेल तर उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि कॅलेण्डरवर लाल रंगाने दोन गोष्टी लिहून ठेवा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला लागून मस्त लाँग वीकेण्ड येतो खरा, पण हे तिन्ही ड्राय डे. वाइन कण्ट्रीत जाऊन ताक पिण्याची तयारी असेल तर जरूर जा. दुसरं, 2027 मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा खोल्या भाविकांच्या, रस्ते भाविकांचे आणि ते योग्यच आहे. आपला वीकेण्ड तेवढं थांबू शकतो.

तर तळं की मळा? पावसाळ्यात तळं, फेब्रुवारीत मळा, जानेवारीत खिसा जड असेल तर दोन्ही. आणि कोणताही महिना असला तरी, संध्याकाळी गाडीची किल्ली ज्या टेबलावर पडेल, तिथून पलंगापर्यंत चालत जाता आलं पाहिजे.