कांचेचीं वजनें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं लग्न होतें. त्या निमित्तानें बोदवडच्या वाड्यांतील माळ्यावरून आजोबांची जमाखर्चाची वही खालीं आली, आणि तिच्याबरोबर एक जुना वादही. १९५० सालीं धाकट्या आत्याबाईंच्या बारशास आजोबांनीं ‘मुलीच्या लग्नास दहा तोळे’ असें तींत लिहून ठेविलें होतें. १९७१ सालीं लग्न झालें तेव्हां दागिने शंभर ग्रॅम भरले. आपणांस कांहीं तरी कमी मिळालें असें आत्याबाईंना तेव्हांपासून वाटे. वडीलमंडळी म्हणत, दहा म्हणजे दहाच. खरें दोघांचेंही होतें.

जुना तोळा म्हणजे राणीछाप रुपयाचें वजन, १८० ग्रेन, सुमारें ११.६६ ग्रॅम. आमच्या आजी सोनें तोलतांना पारड्यांत रुपयाच टाकीत. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक वजनें आलीं आणि हळूहळू दहा ग्रॅमांसच लोक तोळा म्हणूं लागले. शब्द तोच राहिला, वजन घटलें. आणि आत्याबाईंचें सोळा ग्रॅमांहून अधिक सोनें त्या एका शब्दांत अडकून पडलें.

वजनाची ग्वाही वजनावरच कोरावी, ही युक्ति मिसर देशांत फार पूर्वीं योजिलेली आढळते. खलीफा अब्दुल मलिक यानें ६९६ च्या सुमारास नवें नाणें पाडलें. सोन्याचा दिनार सुमारें ४.२५ ग्रॅमांचा ठरला. आठव्या शतकाच्या आरंभापासून तो पारखण्यासाठीं मिसरांत सरकारी कांचेचीं वजनें निघूं लागलीं. कांच तापून मऊ असतांनाच तिजवर शिक्का दाबावयाचा. त्यांत अधिकाऱ्याचें नांव, नाण्याचें नांव, आणि वजन पुरें असल्याचा निर्वाळा. उसामा बिन झैद या महसुली अधिकाऱ्याच्या नांवाचीं असलीं वजनें आजही पाहावयास मिळतात. फातिमी खलीफांच्या अमदानींतही (९६९ ते ११७१) कांचेच्या अशा चकत्या पुष्कळ निघाल्या. मात्र त्यांतील कांहीं सुटी मोड म्हणून चालत असाव्यात, असाही एक पक्ष आहे.

पण कांचच कां? लोखंड गंजतें, पितळेचें वजन खालून किंचित् घासलें तर गिऱ्हाइकाच्या ध्यानांतही येत नाहीं. कांचेचा टवका उडाला कीं लबाडी तत्काळ उघडी पडते. आमच्याकडील गुंज काय कमी देखणी? आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हें कोष्टक आम्हींही घोकलें आहे. परंतु एका वेलाची गुंज दुसऱ्या वेलाच्या गुंजेशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं, आणि तिच्यावर कोणाचें नांवही नसतें. मुलांच्या घरांत कांचेचें वजन किती दिवस टिकलें असतें, हा प्रश्न निराळा!

हा हिशेब आम्हीं आत्याबाईंपुढें मांडला. त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दादांनीं मला कमी दिलें नव्हतें, आणि मीही उगीच कुरकुरत नव्हतें.” उरलेलें सोनें त्यांस देण्याचें थोरल्या काकांनीं तेथल्या तेथें कबूल केलें. “मला आतां काय करावयाचें आहे? नातीच्या नांवें लिही,” असें म्हणून त्यांनीं वही आमच्याकडे सरकविली. “पण ग्रॅमांत लिही हो.”